पडल्यावरचा आवाज

"त्यांना कळलंही नसेल, दादा." त्या दिवशी माझ्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य हे.

मी तेव्हा एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होतो. माझं कामच ते आहे, लिफ्टची देखभाल. टपावर उभं राहून हळूहळू खाली यायचं, दोर तपासायचे, रुळांना तेल द्यायचं, दारांच्या कड्या बघायच्या. लिफ्टच्या त्या उभ्या विहिरीत फोनला रेंज नसते, असलीच तर तुकड्यातुकड्यानं. फोन वाजला, बायकोच्या कंपनीच्या मालकाचं नाव दिसलं, मी उचलला आणि एवढं एकच वाक्य ऐकू आलं. मग खरखर. मग काहीच नाही.

कुणाला काय कळलं नसेल, ते मला समजेना. मी कामावरच्या जोडीदाराला लिफ्ट वर घ्यायला सांगितली. दुरुस्तीच्या वेळी लिफ्ट मुंगीच्या चालीनं चालते. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेलं, पण खरी गोष्ट आली नाही. मला वाटलं, तिचा माइक वगैरे कुणीतरी पळवला असेल आणि तिला पत्ता लागला नसेल. बाहेर येऊन फोन लावला, तेव्हा कळलं की ती गेली. गोदामात, लाकडी रॅम्पच्या वरच्या फळीवरून पडून.

त्यानं आधी बातमी सांगितली असेल आणि ती रेंजमध्ये हरवली असेल, हे मलाही कळतं. पण आमच्या धंद्यात अपघात झाला की चौकशीला बसावं लागतं. मी बसलोय. दोघं माणसं एकच वाक्य त्याच शब्दांत सांगायला लागली की तिथे थांबायचं, एवढं मी शिकलोय. मालक म्हणाला, त्यांना कळलंही नसेल. त्याचा भागीदार भेटायला आला, तोही म्हणाला, कळलंही नसेल. डॉक्टर म्हणाले, बहुधा कळलं नसेल. त्यांच्या त्या 'बहुधा'चा मला आधार वाटला. निदान हा माणूस पाठ केलेलं बोलत नव्हता.

ती मला इन्स्पेक्टर म्हणायची. दूध उतू गेलं तर मी गॅस बंद करायच्या आधी विचारतो की शेवटी ओट्यापाशी कोण होतं, असं तिचं म्हणणं. ते काही खोटं नाही.

तिचं काम आवाज गोळा करण्याचं. नातेवाइकांना सांगितलं की ते आधी हसायचे आणि मग विचारायचे, म्हणजे नक्की काय करता? गेममध्ये माणूस चालला तर पावलं वाजायला हवीत, दार उघडलं तर कुरकुरायला हवं. ते सगळं कुणीतरी खरोखर वाजवून रेकॉर्ड करतं. हाड मोडल्याचा आवाज कोबी पिळून काढतात. एका मारामारीच्या गेमच्या वेळी आमच्या घरी महिनाभर कोबीची भाजी होती. मुलगी म्हणायची, "आई, पुढचा गेम आंब्यांचा घे."

पुढचा आला सायकलचा. सायकलवरून उड्या मारायच्या, हवेत गिरक्या घ्यायच्या, हँडल गरकन फिरवून परत पकडायचं, पाइपवरून घसरत जायचं, असा कसरतींचा गेम. त्यासाठी कंपनीनं एक रिकामं गोदाम भाड्यानं घेऊन आत लाकडी रॅम्प बांधला होता. दोन्ही टोकांना उंच, मध्ये खोल. कसरती करणारा एक पोरगा यायचा आणि ही खाली माइक लावून बसायची. फळीवर टायर, पाइपवर पेडल, हवेत फिरणारी साखळी. घरी येऊन मला सांगायची, "चाक जमिनीवर नसतं ना, तेव्हाच खरं बोलतं." तो पोरगा नसेल तेव्हा ही एकटी जाऊन उरलेले आवाज घ्यायची. रिकामी सायकल वरून सोडून द्यायची आणि ती कशी पडते ते ऐकायचं. त्या दिवशी ती एकटीच होती. दुपारी गेली, आणि मालकाला ती सापडली संध्याकाळी.

दुपार आणि संध्याकाळ यांच्यामध्ये काय झालं, हा माझा प्रश्न होता. ती पडली आणि गेली, की पडली आणि कुणी येईल म्हणून वाट बघत राहिली? दुसरं काही मला कुणाला विचारायचं नव्हतं.

दिवसकार्य आटोपल्यावर मी गोदाम बघायला गेलो, तर रॅम्प नव्हताच. फळ्या काढून भिंतीला लावून ठेवल्या होत्या. राखणदार म्हणाला, "पोलीस बघून गेले आणि लगेच मालकांनी उतरवला. म्हणाले, नकोच तो डोळ्यांसमोर." असेल तसंही. पण आमच्यात अपघातानंतर कुणी खिळा हलवत नाही. वरच्या फळीला कठडा होता का, हे मला त्या रचलेल्या फळ्यांवरून काही कळलं नाही.

नंतर बऱ्याच महिन्यांनी तो गेम बाजारात आला. मालकानं एक प्रत घरी पाठवली. सोबत चिठ्ठी होती की शेवटच्या नावांमध्ये मॅडमचं नाव सगळ्यात वर घातलंय. मी ते पाकीट कपाटावर टाकून दिलं. मुलीनं कधी काढून घेतलं ते मला कळलं नाही.

एके दिवशी कामावरून लवकर आलो तर तिच्या खोलीतून धाडधाड आवाज. दार ढकललं. पडद्यावर हेल्मेट घातलेला एक सायकलवाला हवेत उलटा झाला होता आणि पाठीवर आपटला. मुलीनं मला बघितलं आणि झटकन आवाज कमी केला.

"अगं, त्याला कधीतरी उभं राहू दे," मी म्हटलं.

"शिकतेय."

"जेवलीस?"

"हो. दार लावून घे ना, बाबा."

मी दार लावलं. पण डोक्यात किडा पडला तो पडलाच. ही लहानपणापासून असले गेम खेळत आलेली. हिच्या बोटांचा वेग बघून तिची आई म्हणायची, हिला पियानोला घातली असती तर नाव काढलं असतं. आणि ह्या गेममध्ये रोज नुसती पडते? दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवडा गेला तरी तो सायकलवाला पडतच होता, आणि मी आत गेलो की आवाज कमी व्हायचा. आधी वाटलं, खेळता खेळता कुणाशी तरी बोलत असेल. हल्ली गेममधून बोलता येतं म्हणे. वय कॉलेजचं. मला बोलण्याचं काही वाटत नव्हतं, लपवण्याचं वाटत होतं. मग एका संध्याकाळी, बापानं करू नये ते मी केलं. दाराला कान लावला.

बोलणं कुणाशीच नव्हतं. धाड. लाकडाचा दणका, सायकल लोळल्याचा आवाज, चाक फिरत फिरत मंद होत गेल्याची टिकटिक. आणि त्यानंतर अगदी बारीक: च्च.

हातातून चमचा पडला की बायको असंच करायची. सुईत दोरा गेला नाही, किल्ली चुकीची लागली, बस सुटली की जीभ टाळूला लावून एक च्च. दुसऱ्यावर कधी नाही, फक्त स्वतःवर चिडली की. लग्न झाल्यापासून मी तो आवाज दिवसातून कितीदा ऐकला असेल.

मी तिथेच भिंतीला टेकलो. आत पुन्हा धाड, दणका, टिकटिक, च्च.

माझ्या पुढच्या सुट्टीच्या दिवशी मुलगी कॉलेजला गेल्यावर मी तिच्या खोलीत बसलो आणि तो गेम लावला. लावता लावताच अर्धा तास गेला. कुठलं बटण कशाचं ते कळेना. एक दाबलं तर सायकलवाला जागच्या जागी उडी मारायचा, दुसऱ्यानं हँडल सोडून दोन्ही हात पसरायचा आणि तसाच भिंतीवर जाऊन आदळायचा. पडद्यावरचे लोक टाळ्या वाजवत होते, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. पण पडण्यात मला कुणी शिकवायची गरज नव्हती. काँक्रीटवर पडलो, गवतावर पडलो, पायऱ्यांवरून पडलो. प्रत्येक ठिकाणचा दणका वेगळा. त्यांत एक पुरुषाचा "आई गं" होता, एक नुसता हुंकार होता. च्च कुठेच नव्हता.

मग लाकडी रॅम्प असलेलं मैदान सापडलं. तिथेही पुढे पडलो तर नाही. खाली खोलगट भागात पडलो तर नाही. वरच्या फळीवरून मागच्या मागे गेलो, तेव्हाच आला.

मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. हा तिचाच होता, यात मला शंका नव्हती. शंका होती ती हा कधीचा होता याची. पोलिसांनी लिहिलं होतं, ती मागच्या बाजूलाच पडून गेली होती. वरच्या फळीवरून. त्या वेळी रेकॉर्डिंग चालू असेल, आणि पडल्यावर तिनं च्च केलं असेल, तर तिला कळलं होतं. स्वतःवर चिडण्याइतकं कळलं होतं.

मी मालकाकडे गेलो. ऑफिस मोठं नाही. ओळीनं कॉम्प्युटर, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन, कोपऱ्यात त्या गेमचं माणसाएवढं चित्र. मालक उठून पुढे आला, माझा हात दोन्ही हातांत धरला, मला आत नेलं. दार लावलं. ते मी बघून ठेवलं.

"दादा, मुलगी कशी आहे?"

"बरी आहे. तुमचा गेम खेळते."

"अरे वा. आवडला?"

"पडते फार."

तो हसला. मी म्हटलं, "वरच्या फळीवरून मागे पडलं की शेवटी एक आवाज येतो. तो हिचा आहे."

त्याचं हसू लगेच गेलं नाही, थोडं तसंच राहिलं. त्याला हे नवीन नसावं, असं मला वाटलं. "मॅडमचाच आहे तो," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू? त्यांची सवय ना ती. कितीतरी रेकॉर्डिंगमध्ये आहे. आम्ही नेहमी साफ करायचो, हा राहून गेला. आणि मग टीममध्ये सगळ्यांना आवडला. सायकलवाला स्वतःवरच वैतागल्यासारखा वाटतो. लोक तर त्याची नक्कल करतात."

"कुठल्या दिवसाचा आहे?"

"ते कसं सांगणार, दादा? हजारो आवाज आहेत."

"मूळ रेकॉर्डिंग असेल ना?"

"कापल्यावर मूळ कुठे कोण ठेवतं?"

"ती ठेवायची. घरी जुन्या डिस्कचा खण भरलाय. काहीही टाकायचं नाही म्हणायची."

मालकानं टेबलावरचं पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं. "तुम्हाला त्रास होतोय, मला कळतंय. आपण असं करू, तो आवाजच काढून टाकू. पुढच्या अपडेटमध्ये. मी आजच सांगतो."

"मी काढायला सांगितलं नाही. कुठल्या दिवसाचा ते विचारलं."

"काढूनच टाकू. तुम्हालाही बरं आणि आम्हालाही."

"तुम्हाला का बरं?"

त्यानं पेन पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाला, "दादा, मीच उचललंय त्यांना त्या दिवशी. तुम्ही माझ्याकडे असं बघू नका."

त्याचे डोळे भरले होते. ते खरे होते असं आज मला वाटतं. पण त्या वेळी मी एवढंच धरून बाहेर पडलो की मी जे मागितलं ते त्यानं दिलं नाही आणि न मागितलेलं ताबडतोब द्यायला निघाला. रॅम्पही असाच ताबडतोब उतरवला होता.

जिन्यात मला मागून कुणीतरी "काका" म्हणून हाक मारली. ती टाचणी होती. टाचणी म्हणजे रेकॉर्डिंगमधून हवा तेवढा आवाज कापून घेणारी मुलगी. बारीक आणि टोकदार बोलणारी म्हणून माझ्या बायकोनंच तिला ते नाव ठेवलं होतं, आणि तिलाही ते पसंत होतं.

"खालच्या कँटीनमध्ये बसा," ती म्हणाली. "मी कॉम्प्युटर घेऊन येते. वर नको."

मी चहा घेऊन बसलो. ती आली, समोर न बसता शेजारी बसली आणि कॉम्प्युटर मांडीवर बंदच ठेवला. चहावर साय धरली.

"बोल ना," मी म्हटलं. "टाचणी ना तू?"

"बोथट झालेय, काका." मग तिनं सांगायला सुरुवात केली. "ताईंची पद्धत माहितेय ना तुम्हाला? रेकॉर्डिंग सुरू केलं की आधी तोंडानं सांगायच्या, कसला आवाज आहे ते. आणि स्वतः 'बास' म्हणेपर्यंत मशीन बंद करायचं नाही. कुणीही नाही. त्यांचं म्हणणं, खरा माल आवाजाच्या शेपटीत असतो."

"आणि?"

"आणि रेकॉर्डरच्या पेटीतलं कार्ड रिकामं करून झालं की झाकणावर पिवळी पट्टी लावायची. पट्टी नाही म्हणजे आवाज काढायचे बाकी आहेत. आम्ही बोलायचो पण नाही त्यावर. पट्टी बघायची आणि कामाला लागायचं." तिनं कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "ताई गेल्यावर मी काही दिवस आलेच नाही. आले तेव्हा गोदामातून आणून ठेवलेल्या बऱ्याच पेट्या फडताळात होत्या, पट्टी नसलेल्या. मी नेहमीसारखी सगळी कार्डं एका जागी उतरवली. मशीन सगळ्यांना नवे नंबर देतं. आणि मी कापायला बसले."

"ऐकून कापलंस?"

"बघून." तिनं कॉम्प्युटर उघडला. "आवाजाचं चित्र येतं, हे असं. सुरुवातीचा हा छोटा डोंगर म्हणजे ताईंचं बोलणं. तो सगळ्यात आधी उडवायचा. मग मोठा डोंगर म्हणजे दणका. तिथून सपाट होईपर्यंत ठेवायचं. शे-दोनशे आवाज असले की कोण प्रत्येक ऐकतं? सवय होती हाताला. शेपटीत बारीक टोक दिसलं, वाजवलं तर च्च. म्हटलं, ताईंचं नेहमीचंच. खरं सांगू? बरं वाटलं ऐकून. म्हणून साफ नाही केलं."

"तुझ्या मालकाला माहीत होतं?"

"च्च ताईंचा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. कुठल्या दिवसाचा, ते मलाही नव्हतं. गेम आल्यावर एकदा मूळ काढून बघितलं. नुसतं सहज." तिनं पडद्यावरच्या छोट्या डोंगरावर बोट ठेवलं, पण वाजवलं नाही. "यात ताई तारीख सांगतात. मग म्हणतात, 'रिकामी सायकल, वरच्या फळीवरून, मागे.' तारीख तीच आहे, काका."

मी चित्राकडे बघत राहिलो. छोटा डोंगर. मोठा डोंगर. बारीक टोक. आणि त्यापुढे लांबलचक सपाट रेघ. ती बोटानं सरकवत गेली, रेघ चालूच. मधेच कुठेतरी दुसरा एक मोठा डोंगर येऊन गेला. त्याच्या पुढेही रेघ, आणि तिच्यावर ठिकठिकाणी बारीक उंचवटे, मुंग्या बसल्यासारखे.

"हे काय आहे?" मी दुसऱ्या डोंगरावर बोट ठेवलं.

"नाही ऐकलं."

"आणि ह्या मुंग्या?"

"नाही ऐकलं, काका. गोदामाला पत्रे आहेत. पाखरं बसतात, बाहेरून गाड्या जातात. काहीही असेल." तिचा आवाज बारीक झाला. "च्चपर्यंत ऐकलं आणि बंद केलं. पुढचं माझं नाही."

मला तेव्हा कळलं की मी आधी जे धरून बसलो होतो ते चूक असू शकतं. दोन दणके होते. पहिला रिकाम्या सायकलचा असेल. सायकल तिला हवी तशी पडली नाही, म्हणून वरून हिनं च्च केलं असेल. सायकल कशी पडली ते बघायला ती वाकली असेल, आणि मग दुसरा दणका. तसं असेल तर च्च हा जिवंत, उभ्या, कामात गुंतलेल्या माणसाचा होता. किंवा पहिल्याच दणक्यात सायकलबरोबर तीही खाली आली, आणि दुसरा म्हणजे मधे कुठेतरी अडकलेली सायकल नंतर घसरून पडली तो. तसं असेल तर पुढच्या मुंग्या पाखरांच्या नाहीत.

"मालकानं सांगितलं, मूळ ठेवत नाही," मी म्हटलं.

"त्यांना नकोय ते असायला. वरच्या फळीला कठडा लावा म्हणून ताई दोनदा बोलल्या होत्या, माझ्यासमोर. ते 'करू करू' म्हणाले. ताई गेल्यापासून त्यांनाही झोप नाही. पण म्हणून काही तुमचं तुम्हाला देणार नाहीत ते." तिनं ओढणीच्या टोकात बांधलेला पेन ड्राइव्ह सोडवला आणि माझ्या बशीत ठेवला. "ही कॉपी. तुमची आहे. माझं नाव घेतलं तरी चालेल."

घरी आलो. खोलीतून धाडधाड चालूच होती. मी दार न ठोकताच आत गेलो आणि पलंगावर बसलो. मुलीचा हात आवाजाकडे गेला.

"राहू दे," मी म्हटलं. "मोठा कर."

ती माझ्याकडे बघत राहिली. पडद्यावर सायकलवाला वरच्या फळीवर एक पाय टेकून उभा होता, लोक टाळ्या वाजवत होते.

"कधीपासून माहितेय?" तिनं विचारलं.

"तुला?"

"पहिल्याच दिवशी. दुसऱ्यांदा पडले तेव्हा." तिनं सायकलवाल्याला मागे ढकललं. दणका, टिकटिक, च्च. "मला सगळ्या कसरती येतात, बाबा. दुहेरी कोलांटीसुद्धा येते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू चौकशी लावली असतीस. कोण होतं, कधीचं आहे, कुणी ठेवलं. मला ते नको होतं. मला नुसतं ऐकायचं होतं."

मी तिला सगळं सांगितलं. मालक, टाचणी, दोन डोंगर. तो पुढच्या अपडेटला आवाज काढणार आहे, तेही सांगितलं. तेवढं ऐकलं आणि ती उठली, भिंतीपाशी गेली आणि इंटरनेटची वायर उपसून काढली.

"आता ह्याला अपडेट कळणारच नाही," ती म्हणाली.

"बाकीच्यांचा जाईल."

"बाकीच्यांची आई नाही ती."

मी पेन ड्राइव्ह खिशातून काढून दाखवला. तिनं हात पुढे केला नाही. लांबूनच बघितला.

"ऐकणार आहेस?"

"ऐकायला नको? नाही ऐकलं तर त्या माणसाचं 'कळलंही नसेल' खरं धरावं लागेल."

"धरलं तर काय होईल?"

"खोटं असलं तर?"

"खोटं असलं तर तू काय करणार? भांडशील, पोलिसांत जाशील. जा, मी येईन बरोबर. कठड्यासाठी जा. पण ते ऐकल्यावर मग हे," तिनं पडद्याकडे हनुवटी केली, "हे काय राहणार? आत्ता ती नुसती वैतागलीये. दुसऱ्या कुणावर नाही, स्वतःवरच. मला तेवढं पुरतं."

"मी एकटा ऐकतो. तुला सांगणार नाही."

"न सांगता येतं तुला? तू घरात शिरलास तेव्हाच मला कळलं होतं काहीतरी झालंय." ती पुन्हा खाली बसली. "तुझ्या तोंडावर सगळं येतं. ज्या दिवशी ऐकशील त्या दिवशी मलाही कळेल. म्हणून मला आधी विचार. आत्ता विचारलंस तर नाही म्हणेन."

"आणि नंतर?"

"नंतर विचारून बघ."

तिनं मला शेजारी बसवलं आणि हातात ते बटणांचं यंत्र दिलं. म्हणाली, एवढं वाकडं धरू नकोस, ते पाना नाहीये. मी दोनदा काँक्रीटवर पडलो. ती म्हणाली, "बाबा, तू त्याला पाडत नाहीस, ढकलून देतोयस."

त्यानंतर मी कठड्याबद्दल कामगार खात्यात तक्रार दिली आहे. टाचणी साक्ष द्यायला तयार आहे. मालकाचे फोन येतात, मी घेत नाही. तक्रार बघणारे साहेब म्हणतात, पुरावा म्हणून मूळ रेकॉर्डिंग असेल तर आणा, काम सोपं होईल. मी त्यांना अजून हो किंवा नाही म्हटलेलं नाही. मुलीला एकदा विचारलं, ती नाही म्हणाली. दुसऱ्यांदा विचारलेलं नाही. च्चच्या पुढचं मी अजून ऐकलेलं नाही.